चक्कर नावाची किरकोळ तक्रार : वजन उतरवणाऱ्या औषधांच्या इतिहासातून



बाहेरच्या फलकावर आजचा विषय वाचून दोघातिघांनी आम्हाला गाठलं. म्हणाले, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे. हा डॉक्टरांचा विषय तुमच्याकडे कसा?" प्रश्न रास्त आहे. कोणी कोणतं औषध घ्यावं आणि किती घ्यावं, हे सांगण्याचा आमचा अधिकार नाही, आणि ते आम्ही आज सांगणारही नाही. आम्ही बोलणार आहोत ते एका तक्रारीविषयी. ती तक्रार रुग्ण करतो किंवा करत नाही, समोरचा ऐकतो किंवा ऐकत नाही. या ऐकण्या-न ऐकण्याला इतिहास आहे, आणि तो सांगायला स्टेथोस्कोप लागत नाही.

सध्या ज्या साप्ताहिक इंजेक्शनांची घरोघरी चर्चा आहे, त्यांतलं एक सेमाग्लुटाइड. वजन उतरवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या मात्रेच्या खोक्यात एक बारीक अक्षरांचा कागद असतो. त्यात तक्ता आहे. शंभरातल्या ४४ जणांना मळमळ, ३० जणांना जुलाब, २४ जणांना उलट्या, असं करत करत खाली कुठेतरी ओळ येते : चक्कर, शंभरात ८. शेजारच्या रकान्यात ज्यांना औषध म्हणून नुसतंच बिनऔषधाचं पाणी टोचलं, त्यांचा आकडा आहे : ४. म्हणजे औषधाच्या खात्यावर शंभरात चौघे. अगदी मामुली वाटावं असं हे प्रमाण. पण आम्हाला प्रश्न पडला तो वेगळाच. या आठ जणांना नेमकं झालं काय? तक्त्यात एकच शब्द आहे. घडलेली गोष्ट एकच होती का?

आपल्या मराठीत बघा. चक्कर येते, भोवळ येते, घेरी येते, गरगरतं, झोक जातो, डोळ्यांपुढे अंधारी येते, डोकं हलकं हलकं वाटतं. कोकणातली म्हातारी आणि विदर्भातली म्हातारी यांतला वेगवेगळा शब्द वापरील, पण दोघींनाही गरगरणं आणि अंधारी येणं यांतला फरक पक्का ठाऊक असतो. एकात जग फिरतं, दुसऱ्यात जग विझतं. ग्रीकांनी तर दोन्ही एकाच शब्दात कोंबली. प्लेटोच्या 'थिएटीटस' या संवादात तो तरुण थिएटीटस सॉक्रेटिसला म्हणतो की असल्या कोड्यांचा विचार करताना मला गरगरतं. तिथलं मूळ क्रियापद अंधार आणि भोवरा या दोन शब्दांपासून बनलेलं आहे. आपल्याकडे वैद्यकात या अवस्थेला 'भ्रम' म्हणतात, आणि दोरीला साप समजणं यालाही दर्शनशास्त्रात भ्रमच म्हणतात. आम्ही वर्गात तीस-पस्तीस वर्षं दुसरा भ्रम शिकवला. पहिला शिकायला सत्तरी उलटावी लागली. त्याकडे नंतर येऊ.

आता इतिहास. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपात एखाद्याला एकाएकी गरगरून तो पडला, की निदान ठरलेलं असे : मेंदूत रक्त साचलं. उपाय ठरलेला : रक्त काढा. शीर तोडा, जळवा लावा. म्हणजे ज्याला आधीच उभं राहवत नाही त्याच्या अंगातलं आणखी रक्त कमी करायचं! १८६१ मध्ये पॅरिसला प्रॉस्पर मेनिएर नावाच्या डॉक्टरांनी वैद्यक अकादमीसमोर निबंध वाचला. हे बहिऱ्या-मुक्यांच्या संस्थेचे वैद्य होते, म्हणजे रोजचा व्यवहार कानांशी. त्यांचं म्हणणं असं, की गरगरण्याबरोबर कानात आवाज येत असतील आणि ऐकू कमी येत असेल, तर दोष मेंदूत नाही, आतल्या कानात आहे. पुढच्याच वर्षी ते वारले. त्यांच्या नावाचा आजार आज सगळ्यांना माहीत आहे. आम्हाला त्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की त्यांनी "गरगरतं" म्हणणाऱ्या माणसाला आणखी एक प्रश्न विचारला : त्याच वेळी दुसरं काय होतं?

गंमत म्हणजे आधुनिक डाएटचा उगमही एका कानाच्या डॉक्टरच्या दवाखान्यातच आहे. लंडनचे विल्यम बँटिंग हे अंत्यविधीची व्यवस्था करणारे प्रतिष्ठित व्यावसायिक. इतके स्थूल, की जिना उतरताना पाठमोरे, एकेक पायरी चाचपत उतरत. ऐकू कमी येऊ लागलं म्हणून विल्यम हार्वी या कर्णशल्यविशारदाकडे गेले. (रक्ताभिसरणवाले हार्वी ते वेगळे, दोनशे वर्षं आधीचे.) या हार्वींनी कानाऐवजी त्यांच्या ताटाकडे बोट दाखवलं, पाव, साखर, बिअर, बटाटे बंद. बँटिंग बारीक झाले, १८६३ मध्ये त्यांनी त्यावर पुस्तिका काढली, आणि ती इतकी खपली की स्वीडिश भाषेत आजही डाएट करण्याला त्यांच्या नावावरून आलेलं 'बांता' हे क्रियापद आहे. ताटाच्या वाटेनं जाणाऱ्या या गृहस्थाचं बरं झालं. पुढच्या मंडळींना ती वाट लांबची वाटली. गोळी हवी होती.

१८९१ मध्ये इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉइड ग्रंथीचा अर्क एका रुग्णाला टोचला. ती ग्रंथी मंदावलेल्यांसाठी हे वरदानच होतं. पण उपचारात वजन उतरतं हे दिसल्याबरोबर ज्यांची ग्रंथी ठणठणीत होती त्यांनाही तो अर्क देणं सुरू झालं. धडधड, थरथर, घाम. १९३३ मध्ये स्टॅनफर्डच्या कटिंग आणि टेंटर या संशोधकांनी डायनायट्रोफेनॉल पुढे आणलं. ते मूळचं पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यांत वापरलेलं रसायन. फ्रान्समधले कामगार त्याने बारीक होत, तापत आणि काही मरत. हे रसायन शरीराची भट्टी पेटवतं आणि तिची उष्णता वाया घालवतं. तापमान चढत गेलं तर थांबवणारा उतारा नाही. वर्ष-दीड वर्षात अमेरिकेत लाखभर लोकांनी ते घेतलं असा टेंटर यांचाच अंदाज होता. १९३५ पासून तरुण बायकांना मोतीबिंदू होऊ लागले, आणि १९३८ च्या कायद्यानंतर ते माणसाच्या पोटात जाण्यास अयोग्य ठरलं. चोरून आजही विकलं जातं आणि आजही माणसं मरतात. त्याच्या विषबाधेत घाम आणि धडधडीच्या जोडीला चक्करही असते. पण अंग भट्टीसारखं तापलेलं असताना चक्करीचं कौतुक कोणाला?

आम्हाला जरा थांबायचं आहे ते पुढच्या टप्प्यावर.

१९३० च्या दशकात अँफेटामिन आलं. चोंदलेलं नाक मोकळं करण्यासाठी, मग मरगळ घालवण्यासाठी, आणि भूक मरते हे कळल्यावर वजनासाठी. महायुद्धात सैनिकांना वाटलं गेलं. युद्धानंतर अमेरिकेत एक धंदाच उभा राहिला. तिथे या गोळ्यांना इंद्रधनुषी गोळ्या म्हणत. एकेका माणसाला पाच-पाच सात-सात रंगांच्या गोळ्या. रंग वेगवेगळे का? तर आपल्यासाठी खास औषधयोजना केली आहे असं घेणाऱ्याला वाटावं म्हणून! आत काय? भूक मारायला अँफेटामिन, भट्टी पेटवायला थायरॉइड, अंगातलं पाणी लघवीवाटे काढायला मूत्रल औषध, पोट साफ करायला रेचक, अँफेटामिनने झोप उडते म्हणून झोपेची गोळी. आणि या सगळ्यात डिजिटालिस.

डिजिटालिस हे हृदयाचं औषध. ते वैद्यकात रुजवलं विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरने, १७८५ च्या ग्रंथात. विदरिंग फार सावध माणूस. मात्रा जास्त झाली तर काय होतं याची यादी त्यांनी स्वतःच देऊन ठेवली : मळमळ, उलट्या, जुलाब, चक्कर, अंधुक दिसणं, वस्तू हिरव्या-पिवळ्या दिसणं, नाडी मंदावणं, मूर्च्छा, मृत्यू. क्रम लक्षात घ्या. चक्कर मधे आहे, मृत्यू शेवटी आहे. ज्याला पायरी ओळखता येईल त्याने मधल्या पायरीवर थांबावं. आता १९६० च्या दशकातल्या त्या रंगीत गोळ्यांकडे या. हृदयाचा काही आजार नसलेल्या बाईला डिजिटालिस, कारण त्याने अन्नावरची वासना जाते. ती वासना जाणं हेच मुळात त्याच्या विषबाधेचं पहिलं लक्षण! आणि वर मूत्रल औषध, जे शरीरातलं पोटॅशियम काढून नेतं. पोटॅशियम कमी झालं की डिजिटालिसचं विष अधिकच चढतं. या बाईने येऊन सांगितलं की मला गरगरतं, तर तिला काय सांगितलं जात असेल? गोळी लागू पडते आहे. भूक लागत नाही ना? काटा खाली येतोय ना? मग झालं तर.

१९६८ मध्ये 'लाइफ' साप्ताहिकाच्या वार्ताहर सुझाना मॅकबी या स्वतः सडपातळ असलेल्या बाई अशा दहा डॉक्टरांकडे रुग्ण म्हणून जाऊन आल्या. दहांकडून मिळून सुमारे दीड हजार गोळ्या मिळाल्या. त्याच सुमारास सिनेटर फिलिप हार्ट यांच्या समितीपुढे या धंद्याची सुनावणी झाली, मृत्यूंची प्रकरणं पुढे आली, मालावर जप्ती आली. घेणाऱ्यांत बहुसंख्य बायका होत्या. बाई, त्यातून जाड, त्यातून चक्करेची तक्रार. तिच्या शब्दाला वजन नव्हतं, फक्त तिला होतं. (हशा) हसण्यासारखं वाक्य आहे, पण आम्ही ते गंभीरपणे म्हणतो आहोत.

आता सगळ्यात महत्त्वाचं प्रकरण, आणि आपल्याकडे ते जवळजवळ अज्ञात आहे. १९६५ मध्ये स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया आणि पश्चिम जर्मनी इथे अमिनोरेक्स नावाची भूक मारणारी गोळी आली. स्वच्छ, आधुनिक, भरवशाच्या देशांत तयार झालेली. १९६७ च्या सुमारास बर्नच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांना दिसलं की फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांचा दाब वाढण्याचा एक अतिशय दुर्मीळ आजार अचानक अनेक पटींनी वाढला आहे. हा आजार सुरुवातीला कसा दिसतो? जिना चढताना धाप लागते, थकवा येतो, चढावर चक्कर येते, पुढे चालता चालता माणूस कोसळतो. कारण फुप्फुसांतल्या वाहिन्या अरुंद झाल्याने हृदयाची उजवी बाजू श्रमाच्या वेळी पुरेसं रक्त पुढे ढकलूच शकत नाही. आता स्थूल माणसाला जिन्यावर धाप लागली, चक्कर आली, तर कोणीही काय म्हणेल? जाड आहेस म्हणून. उपाय? गोळी चालू ठेव, बारीक हो. १९६८ मध्ये गोळी मागे घेतली गेली. तोवर अनेकांची फुप्फुसं कायमची गेली होती.

तीस वर्षांनी हेच अमेरिकेत. १९९२ मध्ये मायकेल वाइनट्रॉब यांनी १२१ जणांवरचा अभ्यास छापला : फेनफ्लुरामिन आणि फेंटरमिन या दोन जुन्या गोळ्या एकत्र. त्याची लाट उसळली. १९९६ मध्ये युरोपातल्या अभ्यासाने भूक मारणाऱ्या गोळ्या आणि फुप्फुसांचा तोच आजार यांचा संबंध पुन्हा दाखवला. १९९७ मध्ये उत्तर डकोटातल्या फार्गो गावी हृदयाची सोनोग्राफी करणाऱ्या एका तंत्रज्ञ बाईंच्या नजरेला आलं की तरुण बायकांच्या हृदयाच्या झडपा विचित्र दिसताहेत, आणि त्या सगळ्या हीच जोडी घेत आहेत. चोवीस बायकांची हकिगत प्रसिद्ध झाली, आणि सप्टेंबरमध्ये फेनफ्लुरामिन बाजारातून गेलं. नंतर युरोपात २००६ ला आलेलं रिमोनाबंट नैराश्यामुळे २००८ ला थांबलं. सिब्युट्रामिन २०१० मध्ये युरोप-अमेरिकेतून आणि २०११ मध्ये आपल्याकडून गेलं. सविस्तर सांगत बसत नाही. साचा तोच.

मग आजच्या इंजेक्शनांचं काय? इथे आम्हाला न्यायाने बोललं पाहिजे, कारण मागची पापं पुढच्याच्या माथी मारणं हा तर्कदोष आहे. ही औषधं वेगळ्या घराण्यातली आहेत. जेवल्यावर आतड्यातून जीएलपी-१ नावाचं एक संप्रेरक सुटतं, ते पोट सावकाश रिकामं व्हायला लावतं, मेंदूला 'पुरे' सांगतं, आणि साखर वाढलेली असेल तर इन्सुलिन सोडायला लावतं. आपल्या शरीरात ते मिनिटा-दोन मिनिटांत नष्ट होतं. १९९२ मध्ये न्यूयॉर्कमधले डॉ. जॉन इंग यांना हीला मॉन्स्टर या अमेरिकेच्या वाळवंटातल्या विषारी सरड्याच्या विषात त्याच्यासारखंच पण टिकाऊ द्रव्य सापडलं, आणि त्यावरून २००५ ला मधुमेहाचं पहिलं औषध निघालं. सेमाग्लुटाइड ही पुढची पिढी. २०२१ च्या चाचणीत १,९६१ माणसं होती, आणि ६८ आठवड्यांत औषध घेणाऱ्यांचं वजन सरासरी १४.९ टक्के उतरलं. आधीच्या गोळ्यांच्या नशिबी अशा मोठ्या, लांब चाचण्या क्वचितच होत्या. आपल्याकडे २०२५ पासून वजनासाठीची ही इंजेक्शनं सर्रास मिळू लागली.

तर मग चक्कर का? इथे आम्ही जरा मागे जातो, आपल्याच ग्रंथाकडे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात एकविसाव्या अध्यायात अतिस्थूल माणसाचं वर्णन आहे आणि बाविसाव्यात लंघनाचं. लंघन म्हणजे आपण समजतो तसा नुसता उपास नव्हे. शरीर हलकं करणारं सगळंच लंघन. त्याचे दहा प्रकार मोजले आहेत, त्यांत वमन आहे, विरेचन आहे, उपास आहे आणि तहान सोसणं हाही एक वेगळा प्रकार धरला आहे. आणि लंघन अति झालं तर काय होतं? तोंडाला कोरड, तहान, कान-डोळे दुबळे होणं, मनाचा गोंधळ, अंधारल्यासारखं होणं. आजच्या इंजेक्शनाने काय होतं ते याशेजारी ठेवून बघा. जेवण कमी होतं, आणि जेवणातून जाणारं पाणीही कमी होतं. वरण, भाजी, ताक यांतून आपण किती पाणी पितो याचा आपल्याला पत्ता नसतो. तहानही कमी लागते असं अनेकांना जाणवतं. कोणाला उलट्या, कोणाला जुलाब. म्हणजे चार लंघनं एकाच सुईत. चरकांना हे औषध माहीत होतं असला दावा आम्ही करत नाही. तसला दावा करणाऱ्यांपासून चार हात लांब असतो. पण निरीक्षण चोख आहे.

आता शरीरात घडतं ते असं. आपण आडवे असताना उठून उभे राहिलो की अर्धा-पाऊण लिटर रक्त पोटात आणि पायांत उतरतं. मानेतल्या आणि छातीतल्या वाहिन्यांमधले पहारेकरी ते ओळखतात, नाडी वाढवतात, वाहिन्या आवळतात, आणि मेंदूचा पुरवठा चालू राहतो. हे क्षणात होतं म्हणून कळत नाही. अंगात पाणी कमी असेल, वय झालं असेल, मधुमेहाने नसा मंदावल्या असतील, किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, तर पहारेकरी उशिरा जागे होतात. मग अंधारी. उभं राहिल्यावर रक्तदाब पडतो हे व्यवस्थित नोंदलं ब्रॅडबरी आणि एगल्स्टन यांनी, १९२५ मध्ये, तीन रुग्णांच्या हकिगतीतून. आज व्याख्या अशी आहे, की उभं राहिल्यापासून तीन मिनिटांत वरचा दाब २० ने किंवा खालचा १० ने पडला तर तो दोष धरावा.

इथे आम्हाला आमचं सांगायला हवं. दीड वर्षापूर्वी, वजन आणि साखर या दोन्हींसाठी, डॉक्टरांच्या सल्ल्याने आम्ही असंच एक साप्ताहिक इंजेक्शन सुरू केलं. नऊ किलो उतरले. सदरा ढगळ झाला, ओळखीचे लोक कौतुक करू लागले, आणि आम्ही खूश. तिसऱ्या महिन्यापासून पहाटे उठताना डोळ्यांपुढे काळं येई. आम्ही कोणाला सांगितलं का? नाही. पत्नीला नाही, डॉक्टरांना नाही. जन्मभर पुराव्याच्या गोष्टी सांगणाऱ्याने आपल्याच अंगातला पुरावा दडपला, का तर सांगितलं असतं तर औषध बंद झालं असतं आणि काटा थांबला असता. एका पहाटे बाथरूमच्या दारात कोसळलो. कपाळाला चार टाके आणि मनगटाला प्लास्टर. ती बाई दवाखान्यात जाऊन निदान सांगत तरी होती. आम्ही दोन्ही खुर्च्यांवर स्वतःच बसलो होतो : तक्रार करणाराही आम्ही, आणि "गोळी लागू पडते आहे" म्हणणाराही आम्हीच.

नंतर जे झालं ते सांगतो, कारण ते उपयोगाचं आहे. डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं, चक्कर कशी? गरगर की अंधारी? आम्ही शब्दांचे माणूस, आम्ही ऐटीत उत्तर दिलं. १९७२ मध्ये ड्रॅकमन आणि हार्ट या अमेरिकन डॉक्टरांनी चक्करेचे चार प्रकार पाडले होते : जग फिरणं, शुद्ध जाईलसं वाटणं, तोल जाणं, आणि नुसतंच डोकं हलकं वाटणं. पुढे तेच शिकवलं गेलं. पण २००७ च्या एका अभ्यासात तातडीच्या विभागातल्या रुग्णांना काही मिनिटांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, तर निम्म्याहून अधिकांनी आधीपेक्षा वेगळा प्रकार सांगितला! मात्र चक्कर केव्हा येते, किती वेळ टिकते, कशाने सुरू होते, याची उत्तरं बरीच स्थिर होती. तेव्हा सुरुवातीला आम्ही मराठी शब्दांची जी मिजास केली, ती थोडी मागे घेतो. "कशी" पेक्षा "केव्हा" हा प्रश्न मोलाचा. आमच्याही डॉक्टरांचा दुसरा प्रश्न तोच होता.

त्यांनी आम्हाला आडवं करून दाब मोजला, मग उभं करून. तीन मिनिटांत वरचा आकडा चौतीसने घसरला. मग आमच्या गोळ्यांची चिठ्ठी मागितली. रक्तदाबाची जी गोळी आम्ही पंधरा वर्षं घेत होतो, तिच्यात मूत्रल औषध मिसळलेलं होतं. त्या रंगीत गोळ्यांमधला हाच एक घटक! इथे तो रीतसर, योग्य कारणाने दिलेला. फक्त ती मात्रा नऊ किलो जास्त असलेल्या, भरपेट जेवणाऱ्या माणसासाठी होती. तो माणूस राहिला नव्हता, गोळी मात्र तीच राहिली. मूत्रल भाग काढला गेला, इंजेक्शनची मात्रा एक पायरी खाली आणली गेली. सेमाग्लुटाइडच्या त्या कागदातही हे लिहिलेलं आहे, की रक्तदाब उतरण्याचा त्रास १.३ टक्क्यांना झाला, बिनऔषधवाल्यांत ०.४ टक्क्यांना, आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांत तो अधिक. कोणी वाचतो? आम्हीही टाके पडल्यावर वाचलं. मात्रा ०.२५ मिलिग्रॅमपासून चार-चार आठवड्यांनी पायरीपायरीने का वाढवतात, तेही तेव्हा उमगलं. घाई करू नये म्हणून.

ज्यांच्या घरी हे औषध चालू आहे त्यांच्यासाठी आता चार व्यवहाराच्या गोष्टी. उठताना एकदम उठू नका. पलंगाच्या कडेला दोन मिनिटं बसा, पावलं वर-खाली हलवा, मग उभे राहा, आणि उभं राहिल्यावरही लगेच चालू लागू नका. अंधारी आलीच तर तिथल्या तिथे खाली बसा. भिंत धरून बाथरूमपर्यंत पोचण्याचा पराक्रम करू नये. पाय एकमेकांवर आवळून मांड्या घट्ट केल्या तर रक्त वर ढकललं जातं. रात्री उशाशी पाणी. दिवसभर घोट घोट, कारण एकदम प्यायला जागा नसते, पोट सावकाश रिकामं होत असतं. उलट्या-जुलाब झाले असतील तर नुसतं पाणी पुरत नाही, मीठही गेलेलं असतं. १९७१ मध्ये बांगलादेशाच्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाइन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांतून पाजून मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आणलं. साखरेच्या सोबतीने मीठ आणि पाणी आतड्यातून चटकन शोषलं जातं, हे त्यामागचं तत्त्व. ते पाकीट आज प्रत्येक औषधाच्या दुकानात मिळतं. मात्र मधुमेहींनी लक्षात ठेवावं, लिटरमागे साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज त्यात आहे. आणि हृदय, मूत्रपिंड किंवा रक्तदाबाचा आजार असलेल्यांनी मीठ आपल्या मनाने वाढवू नये.

चक्करेबरोबर घाम, हातांना कंप, एकाएकी भूक असेल तर साखर मोजा. विशेषतः जे सोबत इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेतात त्यांनी. मुंज-लग्नाच्या घरी जेवण लांबलं आणि गोळी मात्र वेळेवर घेतली, ही आपल्याकडची नेहमीची वेळ. रक्तदाबाची गोळी स्वतः बंद करू नका, डॉक्टरांना विचारून कमी करा. मात्रा वाढवलेल्या आठवड्यात स्कूटर दुसऱ्याला चालवू द्या. उठताना नाही पण चढावर, जिन्यावर, श्रमात चक्कर येत असेल आणि धाप लागत असेल, तर "जाड आहे म्हणून" हे कोणाकडूनही ऐकून घरी परतू नका. बर्नची गोष्ट आठवा. बोलणं अडखळलं, तोंड किंवा हात एका बाजूने लुळा वाटला, छातीत दुखलं, शुद्ध गेली, किंवा पोटात पाणीही ठरेना, तर ते त्याच क्षणी दवाखान्यात जाण्याचं काम आहे.

आमच्या उशाशी आता एक छोटी वही असते. तारीख, वेळ, काय करत होतो, त्याआधी काय खाल्लं-प्यायलं, किती सेकंद. पहिल्या महिन्यात सतरा नोंदी झाल्या, गेल्या महिन्यात दोन. त्यातली एक उपासाच्या दिवसाची आहे. एकादशी, आणि आम्ही चहाशिवाय काही घेतलं नव्हतं. पत्नीने ती नोंद वाचली आणि आमच्याकडे बघितलं, त्याविषयी अधिक बोलत नाही.

वेळ झाली आहे. ज्यांना प्रश्न विचारायचे आहेत त्यांनी बसूनच विचारावेत, माइक तुमच्याकडे येईल.